पहिल्या दिवसाची गर्दी, उरलेली वेळ आणि वहिनींचं काउंटर



या आठवड्याच्या व्हिडिओत "गिऱ्हाईक येत नाही, की आपणच त्याला येऊ देत नाही?" हा विषय घेतला होता. बारा मिनिटांत तो मावला नाही. म्हणून राहिलेलं सगळं इथे सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा, आणि वही जवळ ठेवा. शेवटी गृहपाठ आहे.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

साताऱ्यात माझं स्टेशनरी आणि गिफ्टचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. दोन वर्षांपूर्वी माझ्या वहिनींनी दुकानाच्या मागच्या भागात कुर्ती आणि ब्लाऊजपीसचं छोटं काउंटर टाकलं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला उद्घाटन केलं. पन्हं, आंब्याची डाळ, प्रत्येकीला छोटी भेट. साठ-सत्तर बायका येऊन गेल्या, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी फोटो काढून स्टेटसला टाकले आणि मनात म्हटलं, चला, धंदा लागला!

मग वेळ ठरवायची वेळ आली. सकाळी आणि संध्याकाळी स्टेशनरीची गर्दी असते. म्हणून मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही दुपारी एक ते चार बसा, तेव्हा दुकान मोकळं असतं." जून आला तशी वह्या-पुस्तकांची पोती ठेवायला जागा हवी झाली. "वहिनी, महिनाभर काउंटर जरा बंद ठेवू या." सप्टेंबरमध्ये हिशोब केला आणि मीच शहाणपणाने सांगितलं, "गिऱ्हाईकच नाही हो. वाढवायचं कशाच्या जोरावर?"

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या का बोलल्या नाहीत ते मला कळलं ऑस्ट्रेलियातल्या एका खेळामुळे. हसू नका, खरं सांगतोय.

हा खेळ कुठला?

माझी मावसबहीण मेलबर्नला असते. तिची मुलगी तिथे "फूटी" शिकते. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. आपल्या फुटबॉलशी याचा फार संबंध नाही. चेंडू लांबट असतो, मैदान क्रिकेटसारखं अंडाकृती, दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू गेला की ६ गुण, बाजूच्या खांबांतून गेला की १. मेलबर्नमध्ये या खेळाचं वेड म्हणजे आपल्याकडे क्रिकेटचं.

पुरुषांची लीग शंभर वर्षांहून जुनी आहे. महिलांची राष्ट्रीय लीग, जिला तिथे एएफएलडब्ल्यू म्हणतात, ती सुरू झाली २०१७ साली. म्हणजे एका जुन्या, चालत्या दुकानात नवीन काउंटर उघडलं. आता पुढे वाचताना माझं दुकान आणि वहिनींचं काउंटर डोक्यात ठेवा.

दरवाजे बंद करावे लागले, ती पहिली रात्र

३ फेब्रुवारी २०१७. शुक्रवार संध्याकाळ. पहिला सामना कार्लटन आणि कॉलिंगवूड या दोन जुन्या वैऱ्यांमध्ये. प्रवेश मोफत. आधी हा सामना एका छोट्या मैदानावर ठेवला होता. लोकांची उत्सुकता बघून तो मेलबर्नच्या आयकॉन पार्कवर हलवला. तरीही मैदान भरलं. २४,५६८ लोक आत, आणि बाहेर रांगा. शेवटी दरवाजे बंद करावे लागले. लीगचे तेव्हाचे प्रमुख गिलन मॅकलाकलन स्वतः बाहेर गेले आणि आत जाऊ न शकलेल्या लोकांची माफी मागितली.

गिऱ्हाइकाला परत पाठवावं लागतंय म्हणून मालक दारात उभा राहून माफी मागतोय. यापेक्षा चांगली बोहनी कुठली?

त्या पहिल्या वर्षी आठच संघ होते. सात फेऱ्यांचे २८ सामने आणि एक अंतिम सामना. सरासरी प्रेक्षक सामन्यामागे साधारण ६,८०० आले. खेळाडू मात्र अर्धवेळ. बहुतेकींना त्या हंगामाचे ८,५०० डॉलर मिळाले. दिवसा नोकरी, संध्याकाळी सराव. कुणी शिक्षिका, कुणी नर्स.

दुसऱ्या वर्षी पर्थच्या नव्या कोऱ्या स्टेडियमवर एका सामन्याला ४१,९७५ लोक आले. तिसऱ्या वर्षी, ३१ मार्च २०१९ ला, ॲडलेड ओव्हलवर अंतिम सामना झाला. त्याला ५३,०३४ लोक. तोही मोफत, आणि घरचा संघ अंतिम फेरीत.

आकडे ऐकून छाती फुगते ना? माझीही फुगली होती, हळदीकुंकवाच्या दिवशी.

पहिला धडा: गर्दी का आली ते लिहून ठेवा

या मोठ्या आकड्यांकडे दुकानदाराच्या नजरेने बघा. पहिल्या रात्री इतिहास घडत होता, आणि तिकीट नव्हतं. पर्थला लोकांना नवं स्टेडियमही बघायचं होतं. ॲडलेडला आपल्या शहराचा संघ फायनलमध्ये होता. प्रत्येक गर्दीला एक खास कारण होतं, आणि ते कारण दर आठवड्याला मिळत नाही.

याचा अर्थ ती गर्दी खोटी होती का? अजिबात नाही. शुक्रवारी संध्याकाळी घर सोडून चोवीस हजार माणसं उगाच येत नाहीत. लोकांना ही गोष्ट हवी होती, हे पहिल्याच रात्री सिद्ध झालं. पण "लोकांना हवंय" आणि "लोक दर आठवड्याला येतील" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दोन्हींच्या मध्ये सवय नावाची गोष्ट असते. आणि सवय लागायला वेळ, वार आणि जागा ठरलेली लागते.

मैदानाच्या आकाराचंही तसंच. सात हजार माणसं उपनगरातल्या छोट्या मैदानावर जत्रेसारखी वाटतात. तीच सात हजार लाखभर माणसांच्या मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर बसवली तर मैदान ओसाड दिसेल. नोव्हेंबर २०२२ चा अंतिम सामना ब्रिस्बेनजवळच्या एका नव्या छोट्या मैदानावर झाला. तिकिटं संपली. प्रेक्षक किती? ७,४१२. आता कागदावर कुणी म्हणेल, २०१९ ला ५३ हजार आणि आता ७ हजार, म्हणजे लीग बुडाली! अरे बाबा, दहा बाय दहाच्या गाळ्यात शंभर माणसं मावणारच नाहीत. आकडा वाचायच्या आधी गाळ्याचं माप विचारा.

दुसरा धडा: हंगाम सरकवणं म्हणजे दुकानाचा पत्ता बदलणं

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वेळ.

सुरुवातीची वर्षं ही लीग फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हायची. का? कारण पुरुषांची लीग मार्चमध्ये सुरू होते आणि त्याआधी तेवढी फट मोकळी असते. फायदा असा की फूटीचे भुकेलेले प्रेक्षक तेव्हा दुसरं काही बघू शकत नव्हते. तोटा असा की तिकडे फेब्रुवारी म्हणजे ऐन उन्हाळा. शिवाय तो क्रिकेटचा हंगाम, आणि मोठी मैदानं दोघांची एकच. मार्च उजाडला की पुरुषांची लीग सुरू, आणि वर्तमानपत्रातली जागा गेली.

मग २०२० चा हंगाम कोरोनामुळे अर्धवट थांबला, विजेताच ठरला नाही. २०२१ पासून मोठ्यांना १० डॉलरचं तिकीट लागलं. आणि २०२२ मध्ये मोठा निर्णय झाला. हंगाम उन्हाळ्यातून काढून हिवाळ्याच्या शेवटी न्यायचा. त्यामुळे त्या एका वर्षात दोन हंगाम झाले. एक जानेवारी ते एप्रिल, दुसरा २५ ऑगस्ट ते २७ नोव्हेंबर. याच दुसऱ्या हंगामात संघ १४ चे १८ झाले. पुरुषांच्या प्रत्येक क्लबचा आता महिला संघ होता.

या बदलाला चांगली कारणं होती. ऊन कमी, आणि क्लबांना वर्षाची आखणी सोपी. सुरुवातही छान झाली. पहिल्या आठवड्यात एसेंडन आणि हॉथॉर्न या दोन नव्या महिला संघांचा सामना होता. छोटं मैदान पुरणार नाही म्हणून तो मेलबर्नच्या मोठ्या स्टेडियमवर हलवावा लागला आणि १२ हजारांवर लोक आले. पण हेही बघा, त्या शनिवार-रविवारी पुरुषांच्या लीगला सुट्टी होती.

पुढच्याच आठवड्यात पुरुषांची बाद फेरी सुरू झाली. सप्टेंबर महिना तिथे म्हणजे आपल्या आयपीएलचा शेवटचा आठवडा समजा, तोही महिनाभर. टीव्ही, पेपर, घरातली चर्चा, खिशातले पैसे, सगळं तिकडे. त्या महिन्यात शेजारी दुसरं काउंटर चालवणं सोपं नाही. सप्टेंबरचा शेवटचा शनिवार गेला की रान मोकळं होतं खरं. पण तोपर्यंत महिलांचा अर्धाअधिक हंगाम संपत आलेला असतो, आणि क्रिकेट दारात उभं असतं.

त्यात गिऱ्हाइकाच्या बाजूने विचार करा. २०१९ पर्यंत त्याला माहीत होतं, फेब्रुवारीचा पहिला आठवडा आला की मैदानावर जायचं. मग हंगाम मध्येच थांबला. मग तिकीट. मग एका वर्षात दोनदा. मग नोव्हेंबर २०२२ पासून थेट सप्टेंबर २०२३ पर्यंत काहीच नाही. प्रत्येक बदलाला कारण होतं, मी चूक म्हणत नाही. पण तुम्ही तुमच्या वडापावच्या गाडीची जागा आणि वेळ चार वर्षांत चार वेळा बदलली, तर नेहमीचं गिऱ्हाईक तुम्हाला किती वेळा शोधत येईल?

बुधवारी सामना ठेवला तर

२०२४ मध्ये ११ फेऱ्या खेळवायच्या होत्या, पण आठवडे दहाच मिळाले. मग काय करणार? काही सामने आठवड्याच्या मधल्या दिवशी ठेवले.

माझी मावसबहीण फोनवर म्हणाली, "अरे, ऑफिस सुटणार पाचला. पोरीला घेऊन मैदानावर पोचणार कधी, जेवणार कधी? दुसऱ्या दिवशी शाळा. मी नाही गेले. आता तू म्हणशील, लोकांना इंटरेस्ट नाही!"

मी गप्प बसलो, कारण मी अगदी तेच म्हणणार होतो.

या लीगचं गिऱ्हाईक कोण? लहान मुली, त्यांचे आईवडील, आजीआजोबा. अठरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, ते मुद्दाम याच गिऱ्हाइकासाठी. आणि सामना कधी? शाळेच्या आदल्या रात्री! माल बरोबर, किंमत बरोबर, गिऱ्हाईक बरोबर. वेळ चुकली की बाकी सगळं वाया जातं.

"आधी गर्दी दाखवा, मग सामने वाढवू"

आता या लेखाचा गाभा.

सप्टेंबर २०२३ मध्ये लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत पाच वर्षांचा करार झाला. पुरुष आणि महिला खेळाडूंसाठी पहिल्यांदाच एकत्र. त्यात ठरलं की महिलांच्या फेऱ्या १० वरून २०२४ ला ११ आणि २०२५ ला १२ होतील. आणि २०२७ पर्यंत १४ सुद्धा होऊ शकतील, पण अट अशी: मैदानावर सरासरी ६,००० प्रेक्षक आणि टीव्ही वगैरे धरून सरासरी १ लाख लोकांनी सामना बघितला पाहिजे.

६,००० हा आकडा अट ठरली तेव्हाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट होता. गंमत अशी की पहिल्या वर्षी, २०१७ ला, सरासरी याहून जास्तच होती. पण तेव्हा प्रवेश मोफत, संघ आठ, सामने २९, आणि समोर पुरुषांची बाद फेरी नाही.

लीगची बाजूही समजून घ्या. एक सामना म्हणजे मैदान, पंच, सुरक्षा, विमानाची तिकिटं, हॉटेल, डॉक्टर, कॅमेरे. खर्च करणाऱ्याने हिशोब मागायचा नाही का? मागायलाच पाहिजे. मी सुद्धा तुम्हाला दर व्हिडिओत हेच सांगतो: आकड्याशिवाय वाढ नको.

पण दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं. हंगाम लहान, म्हणून प्रत्येक संघ प्रत्येक संघाशी एकदासुद्धा खेळत नाही. अठरा संघ आहेत, फेऱ्या बारा. घरच्या मैदानावर वर्षाला सहाच सामने, त्यातला एखादा गैरसोयीच्या वारी. सवय लागणार कुठून? आणि सवय लागत नाही म्हणून गर्दी नाही. गर्दी नाही म्हणून सामने वाढत नाहीत.

हे चक्र नीट बघा. वेळ उरलेली दिली, म्हणून गिऱ्हाईक कमी. गिऱ्हाईक कमी, म्हणून वेळ उरलेलीच. यात लबाडी कुणाचीच नाही. लीगचा माणूस प्रामाणिकपणे आकडा दाखवतो, आकडा खराही असतो. फक्त तो आकडा मालाची परीक्षा घेत नसतो. तो मंगळवार-बुधवारची परीक्षा घेत असतो.

तिसरा धडा: सरासरीचा चष्मा काढून बघा

२०१७ चे २९ सामने गुणिले ६,८०० म्हणजे एकूण साधारण १ लाख ९७ हजार माणसं. आता १८ संघ आणि १२ फेऱ्या म्हणजे बाद फेरी सोडून १०८ सामने. समजा, फक्त समजा, सरासरी २,०००च धरली. तरी एकूण होतात २ लाख १६ हजार. सरासरी एक तृतीयांशाहून खाली, आणि तरी एकूण माणसं जास्त! त्यातही पहिली बरीचशी फुकट आलेली, ही बरीचशी तिकीट काढून.

मग धंदा वाढला की घटला? उत्तर तुम्ही कुठला प्रश्न विचारता त्यावर आहे. "एका दिवसाला किती?" हा एक प्रश्न. "वर्षाला किती?" हा दुसरा. "पैसे देऊन परत किती आले?" हा तिसरा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. तीन शाखा उघडल्यावर प्रत्येक शाखेचा गल्ला पहिल्या दुकानाएवढा नसतोच. पण तीनही शाखा रोज पहिल्या दिवशीच्या उद्घाटनाशी तोलत बसलात तर कुठलीच पास होणार नाही.

परत वहिनींच्या काउंटरकडे

मावसबहिणीचा फोन झाला त्या रात्री मी दुकानात एकटाच बसून होतो. मी स्वतः वहिनींना काय दिलं होतं? दुपारचे एक ते चार. साताऱ्याच्या एप्रिल-मे महिन्यात. ज्या वेळी बायका घरचं आवरून जरा पाठ टेकतात. जूनमध्ये काउंटर बंद. आणि सप्टेंबरमध्ये मी परीक्षक!

दुसऱ्या दिवशी म्हणालो, "वहिनी, गेल्या वेळी तुम्ही काहीच बोलला नाहीत."

त्यांनी पर्समधून एक छोटी डायरी काढली. "भाऊजी, तुम्ही विचारलं नाही, म्हणून बोलले नाही." डायरीत प्रत्येक विक्री होती, वेळेसकट. मे महिन्यात मी चार दिवस एका लग्नाला गेलो होतो आणि संध्याकाळचं दुकान वहिनींनी सांभाळलं होतं. त्या चार संध्याकाळी जेवढ्या कुर्ती गेल्या, तेवढ्या बाकी महिनाभराच्या दुपारी मिळून गेल्या नव्हत्या.

मी वर्षानुवर्षं लोकांना वही लिहायला शिकवतो. आणि माझ्या दुकानातली सगळ्यात चांगली वही मी उघडूनच बघितली नव्हती. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

आम्ही ठरवलं: शुक्रवार आणि शनिवार, संध्याकाळी सहा ते साडेआठ, काउंटर पुढच्या भागात. सहा महिने वार आणि वेळ बदलायची नाही, काही झालं तरी. जूनमध्ये पोती माझ्या घरी जातील, काउंटर हलणार नाही. आणि सहा महिन्यांनी हिशोब दोघांनी मिळून करायचा.

आज ते काउंटर मोठा नफा देतं का? नाही. पण आपला खर्च आपण काढतं, थोडं वर उरतं, आणि शुक्रवारी काही बायका "आज कुठले रंग आलेत?" विचारत स्वतःहून येतात. त्यांच्यातल्या निम्म्या जाताना पोरांसाठी वह्याही घेतात. म्हणजे माझ्या गल्ल्यालाही तोटा नाहीच.

तिकडे लीगचं पुढे काय होईल ते आकडे सांगतील. मी एवढंच म्हणेन, पहिल्या रात्री दाराबाहेर थांबलेली माणसं कुठे गेली नसतील. त्यांना शनिवारी दुपारी, घराजवळच्या मैदानावर, दर वर्षी त्याच महिन्यात बोलवून बघायला हवं.

आजचा गृहपाठ

१. तुमच्या उद्घाटनाच्या किंवा सर्वात मोठ्या गर्दीच्या दिवसाची तीन कारणं लिहा. त्यातलं दर आठवड्याला मिळू शकेल असं कुठलं?

२. जी वस्तू किंवा सेवा "चालत नाही" असं तुम्ही म्हणता, तिला कुठली वेळ, कुठली जागा आणि किती सलग आठवडे दिलेत ते लिहा. उरलेली वेळ दिली असेल तर निकाल अजून लागलेला नाही.

३. पुढचे ३० दिवस प्रत्येक विक्रीपुढे वेळ लिहा. नुसती तारीख नको, वेळ.

४. एक वार आणि एक वेळ ठरवा, आणि किमान तीन महिने हलवू नका. गणपती असो वा पाऊस.

५. घरातलं कुणी, बायको, बहीण, वहिनी, आई, तुमच्या धंद्याच्या कोपऱ्यात काही चालवत असेल, तर आज रात्री त्यांची वही मागा. सल्ला देऊ नका, फक्त वाचा.

पाचवा मुद्दा पहिला करा. मला तो कळायला मेलबर्नहून फोन यावा लागला, तुम्हाला तरी तेवढा उशीर नको.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही लिहीत राहा!